साजूक तुपावर खापर का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तेल-तूप खाल्ल्याने प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर होतो, असं सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचून अजून डोकं शांत झालेलं नाही. मी पेपर उघडायच्या आतच नणंदेने त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली "वहिनी, आता तरी तूप बंद कर". माझ्या मिस्टरांना गेल्या वर्षी हाच कॅन्सर निघाला, तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण मलाच विचारतो, फोडणीला तेल किती घालता, पोळीला तूप लावता का. म्हणजे बायकोने नीट रांधलं असतं तर नवरा आजारीच पडला नसता! तुमच्या लेखाने या लोकांच्या हातात आयतं कोलीत दिलं.

माझ्या सासऱ्यांनाही प्रोस्टेटचाच कॅन्सर होता. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, वडिलांना किंवा भावाला होता का, कारण तसं असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. नणंदेला हे माहीत आहे, पण ग्रुपवर कुणी बोलत नाही. आणि तुमच्या अख्ख्या लेखात वय आणि घराणं यावर एक ओळ नाही.

जास्त चरबी खाणाऱ्या देशांत हा कॅन्सर जास्त, ही तुमच्या लेखातली तुलना १९७०च्या दशकातली, आणि त्या देशांत खाण्याशिवाय इतर किती गोष्टी वेगळ्या असतात. पुढे युरोपात १ लाख ४२ हजार पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवून तपासलं, २००८ मध्ये निष्कर्ष आले, त्यात चरबी आणि या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. लठ्ठपणामुळे पुढच्या स्टेजच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ते जरूर लिहा, तळलेलं कमी खा हेही लिहा, हार्टसाठी ते बरंच आहे. पण पोळीवरच्या चमचाभर तुपाला गुन्हेगार ठरवू नका हो.

आणि शेवटी "बचावासाठी व्हिटॅमिन ईच्या गोळ्या" हे कोणी लिहिलं? अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर ट्रायल झाली होती, २०११ मध्ये कळलं की रोज नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. तुमचं वाचून कुणी उद्या मेडिकलमधून त्या आणेल. बाकी काही नाही तर तेवढी दुरुस्ती पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक वाचक, सांगली
(कृपया नाव छापू नये)