कचेरीतल्या चहाची साखर वेगळी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरदारांच्या वाढत्या वजनाचा विषय निघाला की आळस, जिभेचे चोचले आणि मोबाइल यांच्यावर खापर फोडले जाते. ते सर्वस्वी चूक आहे असे नाही. परंतु दिवसाचे नऊ-दहा तास माणूस ज्या कचेरीत काढतो, तिथे त्याच्या खाण्यापिण्याची व्यवस्था काय असते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीहून मुंबईतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरीस जातो. अकरा वर्षांपूर्वी रुजू होताना माझे वजन ६८ किलो होते, यंदाच्या वैद्यकीय तपासणीत ते ८१ भरले. हिशेबाची सवय असल्याने भागाकार करून पाहिला, तर वाढ महिन्याला शंभर ग्रॅमचीही निघाली नाही. एवढ्याशा वाढीची चाहूल कोणाला लागणार? विजारी घट्ट होत गेल्या तेव्हा कापड आटले असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या चहाच्या यंत्रात पूड भरणे चालू असताना तिचे रिकामे पाकीट सहज हाती आले. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते आणि त्या यादीत पहिले नाव साखरेचे होते. चहाचा नंबर बराच खाली. एका पेल्यात सात ग्रॅम साखर, याप्रमाणे माझ्या रोजच्या पाच पेल्यांत ३५ ग्रॅम होते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमचे, याच्या आत ठेवणे हिताचे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेवणाचा डबा उघडण्याचाही संबंध न येता ती मर्यादा ओलांडलेली असते. यंत्रावर बिनसाखरेच्या चहाचे बटणच नाही. (घरी मात्र चहात अर्धाच चमचा साखर पडते म्हणून मी वर्षानुवर्षे कुरकुर करत आलो आहे, हेही कबूल केले पाहिजे.)

बाकीचा दिवसही याच वळणाचा असतो. बैठका नेमक्या एक ते दोन या वेळेत ठेवल्या जातात, त्यामुळे डबा तीनला उघडतो. मजल्यावर ६२ माणसे असल्याने केक कापल्याशिवाय आठवडा क्वचितच जातो. आणि रात्रीचे जेवण साडेनऊच्या आत होत नाही.

‘तुम्ही कुठे जाड दिसता?’ असे सहकारी म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या या ‘सडपातळ तरी चरबीयुक्त’ देहयष्टीकडे फार पूर्वीच लक्ष वेधले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे काट्याबरोबर कमरेची फीतही पाहतात : पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. माझी कंबर ९८ आहे.

कंपनी काहीच करत नाही असे नाही. व्यायामशाळेच्या शुल्कात सवलत आहे, जिचा उपयोग रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्याने कधी करायचा हा प्रश्नच आहे. आहारावर व्याख्यानही झाले, आणि त्यानंतर सर्वांना त्याच यंत्रातला चहा व क्रीमची बिस्किटे देण्यात आली. यापेक्षा यंत्रात बिनसाखरेची पूड भरून शेजारी साखरेची बरणी आणि चमचा ठेवला, तर खर्च वाढण्याचे कारण नाही आणि ज्याला गोड हवे त्याची अडचणही होणार नाही. दुपारी एक ते दोन बैठक घेऊ नये, असे एक परिपत्रक निघाले तर डबाही वेळेवर उघडेल.

पहिली सूचना मी प्रशासन विभागाकडे लेखी दिली आहे. यंत्राचा करार मार्चपर्यंत आहे, तोवर पूड बदलता येणार नाही, असे उत्तर आले. तूर्त मी यंत्रातून फक्त गरम पाणी घेतो आणि चहाची पिशवी घरून आणतो.

आपला,
एक नोकरदार वाचक, डोंबिवली (पूर्व)