टिंब

वर्तकनगर, ठाणे
रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गाडी एव्हाना वाडी जंक्शनच्या पुढे गेली असेल. डबा इथे टेबलावरच राहिला आहे. आईने तो अजून उघडलेला नाही.

‘तुझी ती भाषा बोलणार कोण?’ हे मी जेवताना बोललो, ते बोलायला नको होतं. नोकरी सोडलीस याचा राग नाही. पगाराबद्दलही लिहिणार नाही. एवढंच विचारायचं होतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तुझ्या त्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे तिच्यात लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा तो प्रोग्रॅम, लिहीत बसतेस, तेव्हा सोबत कोण असतं?

तू चौथीत असतानाची गोष्ट. माझी सेकंड शिफ्ट, वागळे इस्टेटमधलं रोड नंबर १६ वरचं शॉप. ऑपरेटर गावाला गेलेला, प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी लेथवर मी एकटाच. टूल किती व्यासावर न्यायचं ते सांगायला प्रोग्रॅममध्ये ‘एक्स ५०’ लिहिलं आणि पुढचं दशांशाचं टिंब राहिलं. टिंब असलं तर पन्नास मिलिमीटर. नसलं तर आमचा कंट्रोलर तोच आकडा मायक्रॉनमध्ये धरायचा. पन्नास मायक्रॉन म्हणजे जवळजवळ सेंटरच. टूल रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, सरळ फिरत्या जॉबमध्ये घुसलं. होल्डर तुटला, टूलं धरणारं टरेट जागेवरून हललं, मशीन तीन दिवस बंद. घरी आल्यावर मी आईला सांगत होतो आणि तू अंथरुणातून उठून बसलीस. म्हणालीस, “पण बाबा, मशीनने विचारलं का नाही?” मी म्हणालो, मशीन विचारत नसतं, सांगितलेलं करतं. तुला ते पटलं नाही. सकाळी दात घासतानाही तेच विचारत होतीस.

परवा लॅपटॉपवर तू दाखवलंस. आकड्याला एकक नसलं की तुझा कंपायलर अडून बसतो आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, मिलिमीटर की मायक्रॉन? मी काहीच बोललो नाही, म्हणून तुला वाटलं असेल बाबांना कळलं नाही. कळलं होतं गं. बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं, आणि भाऊकाका समोर बसलेले.

मग तू नासाच्या मंगळावरच्या यानाचं सांगितलंस, १९९९ मधलं. एका बाजूने आकडे पाउंडांत दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये धरले आणि यान गेलं. मला मात्र आपलं टरेटच दिसत होतं. तिथे माणसं काही कमी नव्हती, म्हणजे नुसती माणसं असून भागत नाही हे मलाही समजतं. तरी एकटं असण्यापेक्षा बरं.

एफ शार्प या भाषेत एककं आधीपासून आहेत, मग तू वेगळं काय करतेस, असं विचारलं तर तासभर बोललीस. निम्मं डोक्यावरून गेलं. लिहिलेलं वाचायचं, त्याचे तुकडे पाडायचे, एककं जुळतात का बघायचं, हे तू स्वतः लिहितेस आणि पुढे मशीन कोड काढायचं काम एलएलव्हीएमवर सोपवतेस, एवढं डोक्यात राहिलं. ते एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी सुरू केलं. अडवे आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. बघ, तिथेही दोघं होते. १९५७ मध्ये फॉरट्रानचा कंपायलर आला, तोही जॉन बॅकस यांच्या टीमचा. तू म्हणशील, गुइदो व्हॅन रॉसम यांनी पायथन १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत एकट्यानेच लिहायला घेतली. घेतली खरी, पण ती वाढवायला पुढे किती हात लागले!

नवा प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेका ओळीला थांबत चालवायचा, रॅपिडचा वेग खाली आणून ठेवायचा आणि शेजारी दुसरा माणूस उभा करायचा, हे मी त्या रात्रीनंतर शॉपमधल्या प्रत्येक पोराला शिकवलं. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, म्हणून तर...

झालं, पुन्हा शिकवायला बसलो. माफ कर. तुझं काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पीएफ मोडू नकोस. भाडं कमी पडलं तर कोलशेतच्या खोलीचं येतं ते घे. आईची हरकत नाही, तिनेच सुचवलं.

सोबत माझ्या जुन्या डायरीतलं एक पान पाठवतो आहे. त्या रात्रीचा प्रोग्रॅम आहे, सोळा ओळी, माझ्याच अक्षरात. नवव्या ओळीतलं टिंब अजून राहिलेलंच आहे, मी कधी दिलं नाही. तुझ्या भाषेत उतरवून चालवून बघ. चालवशील तेव्हा मला फोन लाव, कितीही वाजले असले तरी. मी जागाच असतो. फोन चालू ठेवून बसेन, मधे बोलणार नाही.

पोचल्यावर आईला कळव. लाडू कुरिअरने पाठवतो.

तुझा
बाबा