तुझ्या पेशी बाधल्या नव्हत्या

देवगड

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू आईला फोनवर जे बोललीस ते तिने मला रात्री सांगितले आणि त्यानंतर दोन दिवस मोहोरावर फवारणी चालू असतानाही माझ्या डोक्यातून ते गेले नाही. तुमच्या महाविद्यालयात स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देणाऱ्या दात्यांच्या नोंदणीचे शिबिर होते, तुला 18 वर्षे पूर्ण झाली आहेत, मैत्रिणींनी गालाच्या आतून स्वॅब दिला आणि तू मात्र रांगेतून परत फिरलीस. ‘माझ्या पेशी बाबूला बाधल्या होत्या, त्या आणखी कुणाला कशाला द्यायच्या?’ असे तू म्हणालीस. बाय, ते वाक्य तुझे नाही, माझे आहे. तुझी मज्जा तुझ्या भावाला दिली, त्या प्रत्यारोपणानंतर 24व्या दिवशी बाबूच्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ उठले, तेव्हा मीच मुंबईहून अण्णांना फोनवर ‘बहिणीच्या पेशी त्याला बाधल्या’ असे म्हटले होते. तू तेव्हा आजीजवळ ओटीवरच बसली होतीस, हे मला परवा कळले. नऊ वर्षांच्या मुलीच्या कानावर पडलेले ते वाक्य आणखी नऊ वर्षे तिच्यासोबत राहील याची मला कल्पना नव्हती. म्हणून फोनवर न बोलता सगळे नीट लिहून पाठवीत आहे.

बाबूला रक्ताचा कर्करोग आहे एवढेच तुला ठाऊक होते. त्याला झालेला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतेक मुलांत दोन-अडीच वर्षांच्या किमोथेरपीने बरा होतो आणि अशा मुलांना दुसऱ्या कुणाच्या मज्जेची, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या गराची, गरज लागत नाही. बाबूचा आजार मात्र औषधे चालू असतानाच, 14व्या महिन्यात उलटला. इतक्या लवकर उलटणारा आजार जास्त धोक्याचा मानतात, कारण औषधांनी तो पुन्हा दबला तरी मागे उरणाऱ्या मोजक्या पेशी त्या औषधांना पुरून उरलेल्या असतात. तेव्हा डॉक्टरांनी दात्याच्या मज्जेचा विषय काढला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली असे प्रत्यारोपण भारतात पहिल्यांदा यशस्वी झाले, ते भावाची मज्जा बहिणीला देऊन, हेही त्यांनी आम्हाला धीर देण्यासाठी सांगितले होते.

मज्जा जुळते की नाही हे ज्या खुणांवरून ठरते त्यांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो, त्यामुळे आई काय किंवा मी काय, आमची मज्जा त्याच्याशी निम्मीच जुळणार होती. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. तुझा अहवाल पूर्ण जुळला तेव्हा आई रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडली, आणि त्या आनंदात आम्ही तुला विचारले नाही, फक्त सांगितले. तिथल्या समाजसेविकेने तुझ्याशी वेगळे बोलण्याचे सुचवले होते. त्यावर ‘ती शहाणी आहे, नाही म्हणणार नाही’ असे उत्तर मी परस्पर देऊन टाकले. तू नाही म्हणाली नसतीस, हे मी आजही जाणतो. तरीही तुला विचारायला हवे होते, आणि ते न विचारल्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

तुझे वजन तेव्हा 26 किलो होते. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे फार तर 20 मिलिलिटर मज्जा काढतात. तुझी त्याहून बरीच कमी, सुमारे 300 मिलिलिटर, भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढली. शुद्धीवर आल्यावर तू पालथी पडूनच घावणे मागितलेस. ती पिशवी मी जवळून पाहिली आहे. कोकमाच्या आगळासारखी गडद लाल होती. वरच्या मजल्यावर बाबूच्या छातीतल्या नळीतून ती थेंबाथेंबाने तीन तासांत त्याच्या रक्तात गेली. त्याआधी तीन दिवस, दिवसातून दोनदा, त्याच्या सर्वांगाला किरण दिलेले होते आणि पुढे औषधांनी त्याची स्वतःची मज्जा पूर्ण मारलेली होती, म्हणजे तेव्हापासून तो सर्वस्वी तुझ्या मज्जेवर अवलंबून होता. चौथ्या दिवशी आम्ही तुला काकांबरोबर कोकण रेल्वेने घरी धाडले आणि पुढचे चार महिने तू आईशिवाय काढलेस. तुझ्या कमरेवरची दोन पट्ट्यांची ड्रेसिंग आजीने सोडवली, आम्ही दोघांपैकी कुणी नाही, याची आईला अजून खंत आहे.

आता त्या पुरळाविषयी. मज्जेबरोबर दात्याच्या संरक्षक पेशीही जातात, ज्यांचे कामच आपले आणि परके ओळखण्याचे असते. मुख्य खुणा तंतोतंत जुळल्या तरी माणसामाणसांत बारीक फरक उरतोच, आणि तू मुलगी व तो मुलगा असल्यामुळे तुझ्या पेशींनी त्याच्या वाय गुणसूत्रावरून (जे फक्त मुलांत असते) बनणारी प्रथिने कधीच पाहिलेली नव्हती. त्या त्याच्या कातडीवर आणि आतड्यांवर उठल्या. त्यामुळे पुरळ आले आणि जुलाब लागले. दोन आठवडे आम्ही अत्यंत घाबरलेलो होतो. स्टेरॉइडने तो त्रास हळूहळू ओसरला.

पण बाय, त्याच पेशी त्याच दिवसांत त्याच्या शरीरात लपलेल्या कर्करोगाच्या पेशीही शोधून मारीत होत्या. किरणांना आणि औषधांना जे साधत नाही ते यांना साधते, आणि प्रत्यारोपणाचा अर्धा भरवसा यावरच असतो. याचा दाखला जुळ्यांच्या प्रत्यारोपणात मिळतो. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली तर असे पुरळ सहसा येत नाही, पण ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण मात्र वाढते. मुलीच्या पेशी मुलाला दिल्यावर त्रास अधिक होण्याची आणि आजार उलटण्याची शक्यता कमी असण्याची नोंदही डॉक्टरांनी केलेली आहे. हे सारे मला तेव्हाच समजावून सांगितलेले होते. भीतीमुळे मी फोनवर त्यातला एकच अर्धा भाग बोललो आणि दुसरा अर्धा तुझ्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

उपचारांची किंमत बाबूने मोजलेली आहे, तीही तुझ्यापासून लपवीत नाही. त्याची उंची वर्गात सर्वांत कमी आहे, थायरॉइडची गोळी त्याला रोज घ्यावी लागते आणि बाळपणीच्या सगळ्या लसी पुन्हा टोचाव्या लागल्या. त्यातले उंचीचे आणि थायरॉइडचे दुखणे मुख्यतः किरणांमुळे आहे. किरण द्यायचे हा निर्णय आमचा आणि डॉक्टरांचा होता. चार वर्षांवरील मुलांत, या आजारासाठी, नुसत्या औषधांपेक्षा किरणांसह केलेल्या तयारीने अधिक मुले वाचतात, हे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. ते वाचून माझ्याही मनावरचे ओझे कमी झाले.

नोंदणी करावीस असा माझा आग्रह नाही. या वेळी निर्णय पूर्णपणे तुझा आहे. मात्र करायची झाली तर एक गोष्ट लक्षात ठेव. दात्याला कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते, परंतु रुग्णाची मज्जा मारण्याचे उपचार सुरू झाल्यानंतर दाता मागे हटला तर त्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो, म्हणून जो विचार करायचा तो त्याआधीच करावा. आता बहुतेक प्रौढ दात्यांच्या पेशी चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडाच्या शिरेतून, यंत्राद्वारे घेतात. तुझ्या वेळेसारखी कमरेत सुई क्वचितच लागते.

शिमग्याला येशील तेव्हा बाबूची फाइल काढून ठेवतो. त्यात एक कागद आहे, तो तू कधी पाहिलेला नाहीस. रक्तातल्या पेशी कुणाच्या, याची ती तपासणी आहे आणि त्यावर ‘दाता : बहीण, 100 टक्के’ असे छापलेले आहे. त्याचा रक्तगट पूर्वी बी होता, तो आता तुझा ओ आहे. शाळेच्या ओळखपत्रावर मात्र अजून जुनाच राहिला होता, तो त्याने परवा स्वतः सरांकडे जाऊन बदलून घेतला.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझे बाबा