आई-बाबा, एक सत्र मेक्सिकोला जाऊन शिकायचं आहे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई तब्येतीची चौकशी करून फोन ठेवते, म्हणून सविस्तर पत्रच लिहायचं ठरवलं. माझ्या स्पॅनिश भाषेच्या एम. ए.च्या पुढच्या वर्षी एक सत्र मेक्सिको सिटीत राहून शिकायची सोय आहे आणि मला जायचं आहे. सत्र संपलं की परत येणार, हे आधीच सांगते. ‘या वयात, नोकरी सांभाळून, त्या भाषेपायी एवढं कशाला?’ हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून जरा बैजवार लिहिते.

बाबा, तुम्ही म्हणालात की भाषा काय, मोबाइलवरही शिकता येते. येते, अगदी चांगली येते. रस्ता विचारायला, ओळख करून घ्यायला, गप्पा मारायला कॉलेजची पायरी चढायची गरज नाही. उलट मराठी माणसाला तर ती लवकर जमते. त, द हे उच्चार आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून करायचे, आणि ‘मला आवडतं’ची रचनाही जवळपास आपल्यासारखीच. पण आमच्याकडे व्याकरण हा एवढासा भाग आहे. त्यापलीकडे ध्वनिविज्ञान, भाषेचा इतिहास, स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, साहित्य, भाषांतर. शिवाय उताऱ्याची चिकित्सा असते. एक जुना कागद समोर ठेवायचा आणि तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, तेव्हा सत्ता कोणाच्या हातात होती, लिहिणाऱ्याने काय सांगितलं आणि काय सांगायचं शिताफीने टाळलं, हे ओळीओळीतून काढायचं. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे.

1492 हे साल आपण कोलंबसपुरतं पाठ केलेलं असतं. त्याच वर्षी जानेवारीत स्पेनमधलं ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं. मार्चअखेर राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचं फर्मान काढलं. राहायचं तर धर्म बदलणं एवढीच वाट उरली. ऑगस्टमध्ये आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने सालामांकात कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं व्याकरण छापलं. राणीला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत तो म्हणतो की भाषा ही कायमच साम्राज्याच्या सोबतीने चालत आली आहे. त्या वेळी कोलंबसची जहाजं नुकतीच निघाली होती आणि पलीकडची जमीन दिसायला जवळजवळ दोन महिने होते. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण भाषा कशासाठी वापरायची याचा विचार पक्का झाला होता.

आणि हद्दपार झालेल्या ज्यूंनी काय केलं? तीच भाषा बरोबर नेली. इस्तंबूल, थेसालोनिकी अशा शहरांत त्यांच्या घरांतून ती शतकानुशतकं बोलली गेली. ज्या राज्याने उंबऱ्याबाहेर काढलं, त्याच राज्याच्या भाषेत त्यांनी पोरांना अंगाई म्हटली. हे वाचलं त्या दिवशी मला पुढचं पान उलटवेना.

आज वीस देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीही येतो. त्या देशाच्या वाट्याला आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम जागा येते, हे मला मुळीच पटत नाही. पण या वीस देशांतल्या बहुतेकांत स्पॅनिश एकटी नाही. पाराग्वायच्या 1992 च्या राज्यघटनेने ग्वारानी या मूळ भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. बोलिव्हियाने 2009 मध्ये 36 मूळ भाषांना तो मान दिला, मेक्सिको 68 मूळ भाषांना राष्ट्रीय भाषा मानतो. साम्राज्याने ज्यांच्यावर आपली भाषा लादली त्यांच्या भाषा दबल्या, पण सगळ्या मेल्या नाहीत. आणि लादलेल्या भाषेतच लोकांनी हळूहळू उलट बोलायलाही सुरुवात केली. हे उलट बोलणं ऐकायला शिकायचं, मला शिकायचं आहे ते एवढंच.

आई, आता खास तुझ्यासाठी एकीबद्दल लिहिते. सोर ख्वाना इनेस दे ला क्रूस. सतराव्या शतकातली, मेक्सिकोतली. आई स्वतः निरक्षर, पण शेतीवाडीचा सगळा कारभार बघणारी. थोरली बहीण शिकायला जायची. ही तीन वर्षांची पोर तिच्या मागे गेली आणि बाईंना थाप मारली की आईनेच सांगितलंय, मलाही शिकवा. बाईंना थाप कळली, तरी त्यांनी शिकवलं, आणि आईला पत्ता लागेपर्यंत ही वाचायलाही लागली होती. जरा मोठी झाल्यावर तिने ऐकलं की राजधानीत विद्यापीठ आहे. लागली आईच्या मागे, मला मुलग्याचे कपडे घालून तिथे पाठव म्हणून. आईने नाही म्हटलं, तेव्हा तिने आजोबांच्या पुस्तकांचा फडशा पाडला. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असं कोणीतरी म्हणालं, म्हणून आवडत असूनही ते सोडलं. लॅटिन शिकताना स्वतःचे केस चार-सहा बोटं कापायची आणि ठरवायची की ते वाढेपर्यंत अमुक इतकं यायलाच हवं. आलं नाही तर पुन्हा कापायचे. आत काही ज्ञान नसलेलं डोकं केसांनी सजवण्यात तिला अर्थ वाटत नव्हता.

हे सगळं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे, तेही एका पत्रात. पुढे ती जोगीण झाली, मठात राहून अभ्यास करत राहिली, कविता आणि नाटकं लिहीत राहिली. तेव्हा पुएब्ला शहराच्या बिशपने एका जोगिणीचं टोपणनाव घेऊन तिला उपदेश केला की आता धर्माकडे जास्त लक्ष दे. 1691 मध्ये तिने त्याला उत्तर दिलं. वरवर फार नम्र, पदोपदी ‘मी अज्ञानी’ म्हणणारं, आणि आत मात्र बाईला शिकायचा हक्क आहे हे एकेक पुरावा देत मांडणारं. एका ठिकाणी ती सांगते की मठात पुस्तकं बंद केली तरी स्वयंपाकघर होतंच. तेलात अंडं एकजीव होऊन तळलं जातं आणि साखरेच्या पाकात मात्र त्याचे तुकडे होतात, हे ती बघत बसायची. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने याहून कितीतरी जास्त लिहिलं असतं, असं ती म्हणते. त्या पत्रातला नम्रपणा कुठे खरा आहे आणि कुठे ढालीसारखा धरला आहे, यावर आमच्या वर्गात तासभर वाद झाला. माझ्या मते एकाच वाक्यात तो दोन्ही असू शकतो, आणि ते मूळ भाषेत वाचल्याशिवाय दिसत नाही. क्रियापद कुठे ठेवलंय, आर्जव कुठे संपतं, सगळं त्यावर आहे. 1695 मध्ये साथीत आजारी जोगिणींची सेवा करता करता ती गेली.

ती जिथे राहिली तो मठ मेक्सिको सिटीत अजून उभा आहे आणि तिथे आज तिच्याच नावाचं विद्यापीठ चालतं. मला मेक्सिकोच का, याचं एक कारण हे.

जाता जाता आणखी एक, तुला आवडेल असं. स्पॅनिश देशांत माणूस साधारणपणे दोन आडनावं लावतो, आधी वडिलांचं, मग आईचं. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस, त्याच्या नावातलं मार्केस हे आईकडून आलेलं. स्पेनमध्ये लग्नानंतरही बाईचं आडनाव बदलत नाही.

आमच्या शिक्षिकेने मागच्या सत्रात व्याकरणाचा एक अवघड भाग शिकवला, तोही सांगते. एखाद्या माणसाला शोधताना तो माणूस आहे हे पक्कं माहीत असेल तर पुढचं क्रियापद एका रूपात येतं. आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर रूप बदलतं. नियम पुस्तकात वाचला होता, पण तिने उदाहरण म्हणून अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस इथल्या मातांची गोष्ट समोर ठेवली. अर्जेंटिनात 1976 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण मुलं-मुली घरांतून, कामाच्या जागांवरून उचलली जाऊ लागली. 1977 च्या एप्रिलअखेर त्यांच्या काही आया प्लासा दे मायो चौकात जमल्या. घोळक्याने थांबायला बंदी होती, पोलिसांनी चालत राहा म्हणून दरडावलं, तर त्या चौकातल्या स्तंभाभोवती चालत राहिल्या. मग दर गुरुवारी. एकमेकींना गर्दीत ओळखता यावं म्हणून त्यांनी मुलांच्या लंगोटाचं पांढरं कापड डोक्याला बांधलं. त्यांना पुढे नेणारी आसुसेना व्हियाफ्लोर, तिलाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून नेलं. तिच्या अस्थींची ओळख पटली ती 2005 मध्ये.

शिक्षिकेने फळ्यावर लिहिलं: ‘माझ्या मुलाला पाहिलेलं असं कोणी मी शोधतेय.’ असं कोणी आहे का, हे त्या आईला माहीत नाही, म्हणून क्रियापद दुसऱ्या रूपात. मग एवढंच म्हणाली की या बायकांनी हे रूप वर्षानुवर्षं वापरलं. वर्गात कोणी वही उघडली नाही. ते रूप आता माझं कधी चुकायचं नाही.

पोटापाण्याचंही लिहिते, नाहीतर बाबा म्हणतील मुद्द्याला बगल दिली. मोठ्या पगाराचं मी काही कबूल करत नाही. शिकवणं आहे, भाषांतर आहे, दुभाष्याचं काम आहे; संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी ही एक. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची देले ही स्पॅनिशची परीक्षा सहा पातळ्यांची असते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, तेव्हा वरच्या पातळीचं एकदा मिळवलं की ते कायमचं. यंत्रं भाषांतर करतात हे खरं, आणि साधं कामकाजाचं पत्र ती बरं करतात. पण कोर्टात किंवा दवाखान्यात घाबरलेला माणूस अर्धं वाक्य बोलून थांबतो, तेव्हा तो ग्वातेमालाच्या डोंगरातला आहे आणि स्पॅनिश ही त्याची दुसरी भाषा आहे, हे ओळखणारं माणूस शेजारी लागतं. मला ते काम करायचं आहे. नोकरी मी सोडत नाही, बिनपगारी रजेबद्दल बोलून ठेवलं आहे, आणि खर्चासाठी बाजूला टाकलेले पैसे पुरतील.

आता तुमचं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन मी निघायच्या आधी करून घ्यायचं, पुढे ढकलायचं नाही. औषधांची यादी आणि डॉक्टरांच्या तारखा दादाकडे लिहून दिल्या आहेत, तो दर शनिवारी येऊन डबी भरून जाईल. तुमची सकाळ म्हणजे तिथली रात्र असेल, तेव्हा तुमचा चहा झाला की मी फोन करीन. आई, गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस.

अर्ज महिनाअखेर भरायचा आहे. दादाला मी सांगितलं आहे, त्याची हरकत नाही. बाबा, काही विचारायचं असेल तर मोकळेपणी विचारा, पैशांचंही. आणि आई, ‘बाबा म्हणतील तसं’ असं लिहू नकोस. तुला काय वाटतं ते वेगळं कळव, ‘नको’ असलं तरी.

तुमची,
धाकटी