अँटिमनी निष्फळ ठरते तेव्हा परजीवीही तपासा

महोदय,

कालाआजाराच्या निर्मूलनाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. परंतु कालाआजाराच्याच कुळातील, लेशमॅनिया नावाच्या परजीवींमुळे होणाऱ्या त्वचेच्या लेशमॅनियासिसची दखल मराठी वृत्तपत्रांत क्वचितच घेतली जाते. हा आजार सहसा जीव घेत नाही, हे त्यामागचे कारण असावे. मात्र चेहऱ्यावर किंवा हातावर महिनोन्‌महिने न भरणारी जखम आणि ती भरल्यावर जन्मभर राहणारा व्रण, हे दुःख लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात 6 ते 10 लाख लोकांना तो नव्याने होतो. भारतात राजस्थानातील बिकानेर हे त्याचे जुने केंद्र असून हिमाचलातील सतलजचे खोरे आणि केरळमधील अगस्त्यमलाईचा परिसर येथेही तो आढळतो. आखाती देशांत काम करून परतणाऱ्यांमुळे महाराष्ट्रातील डॉक्टरांपुढेही असा रुग्ण येऊ शकतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि मला लिहायचे आहे ते उपचार निष्फळ ठरण्याविषयी. सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्यापासूनचे औषध जखमेच्या उंचावलेल्या कडेत, ती कडा पांढुरकी पडेपर्यंत, चहूबाजूंनी टोचले जाते. नाकावर किंवा गालावर हे सोसणे सोपे नसते, आणि एका इंजेक्शनने भागतही नाही. एवढे करूनही काहींची जखम भरत नाही. अशा वेळी पहिला संशय रुग्णावरच घेतला जातो: इंजेक्शने चुकवली असतील, जखम खाजवली असेल, झाडपाला लावला असेल. कधी ते खरेही असेल. पण परजीवीची चौकशी न करताच रुग्णाला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अँटिमनी टोचल्यानंतर शरीरात तिचे अधिक विषारी रूप तयार होते आणि ते ॲक्वाग्लिसरोपोरिन नावाच्या प्रथिनातून परजीवीच्या पेशीत शिरते. या प्रथिनाच्या जनुकाची क्रियाशीलता घटली, की औषध आत पोहोचतच नाही. दुसरीकडे, परजीवीतलेच ट्रायपॅनोथायोन हे संयुग आत शिरलेल्या अँटिमनीला बांधून ठेवते आणि एमआरपीए हे प्रथिन ते बांधलेले औषध पेशीतल्या पिशव्यांत कोंडते. या परजीवीत प्रत्येक जनुकाला आपल्या पेशींप्रमाणे चालू-बंद करणारी स्वतंत्र कळ नसते. जनुकांच्या लांबलचक रांगा एकत्रच वाचल्या जातात. म्हणून तो अख्ख्या गुणसूत्राच्या प्रती वाढवून किंवा कमी करून, तसेच आरएनए (जनुकावरून उतरवलेली, प्रथिन बनवण्याची प्रत) किती काळ टिकू द्यायचा हे बदलून, प्रथिनांचे प्रमाण पालटतो. जनुकाच्या अक्षरांत एकही बदल न होता औषध हरू शकते ते यामुळेच.

तरीही एखाद्या जनुकाच्या क्रियाशीलतेचा आकडा पाहून निकाल देण्याची घाई होऊ नये. प्रयोगशाळेत वाढवलेला परजीवी, हा रोग पसरवणाऱ्या सँडफ्लाय माशीच्या पोटातील शेपटीवाल्या रूपात असतो, तर रुग्णाच्या त्वचेत तो भक्षक पेशींच्या आत गोल रूपात राहतो. शिवाय कृत्रिम माध्यमात वाढताना त्याच्या गुणसूत्रांची संख्याही बदलते. त्यामुळे बाटलीतल्या परजीवीवर मोजलेली क्रियाशीलता जखमेतली असेलच असे नाही. रुग्णाच्या बाजूलाही तितकेच महत्त्व आहे. ब्राझीलमध्ये लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस या जातीच्या रुग्णांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारापूर्वीच्या जखमांचे नमुने तपासले गेले. ज्यांच्या जखमेत परजीवी जास्त होते आणि पेशी मारणाऱ्या प्रथिनांची रुग्णाचीच जनुके अधिक जागी होती, त्यांच्यात उपचार फसण्याचे प्रमाण जास्त आढळले. परजीवीच्या आणि रुग्णाच्या जनुकांची क्रियाशीलता एकाच नमुन्यात मोजली, तरच कोणाचा वाटा किती हे कळेल.

याचा उपयोग थेट उपचाराला आहे. मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यायचे औषध वेगळ्या वाहक प्रथिनातून परजीवीत जाते. अँटिमनीचा मार्ग बंद झाला म्हणून त्याचाही बंद होतो असे नाही. जखमेला ठरावीक तापमानाची उष्णता देण्याचा उपचार बिकानेरमध्येच अभ्यासला गेला आहे. परजीवीची जात ओळखणेही तितकेच आवश्यक आहे, कारण बिकानेरला लेशमॅनिया ट्रॉपिका आढळतो, तर केरळमध्ये एरवी कालाआजार करणारा लेशमॅनिया डोनोव्हानी त्वचेचा आजार करताना दिसला आहे.

माझी विनंती अशी की, पहिले इंजेक्शन देण्याआधी जखमेच्या कडेतून घेतलेला नमुना केवळ काचपट्टीवर पाहून संपवू नये. त्याचा एक भाग आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात जपून ठेवावा. कालाआजारावर दीर्घकाळ काम करणाऱ्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाटणा येथील संस्थेने असे नमुने देशभरातून स्वीकारावेत. रुग्णाचा पाठपुरावा किमान 6 महिने व्हावा, कारण भरलेली जखम पुन्हा उघडू शकते, आणि पुढे काय झाले हे माहीत नसेल तर जपलेल्या नमुन्यातून काहीच निष्पन्न होणार नाही. राजस्थानातील दूरवरच्या ढाण्यांत, म्हणजे वाड्यावस्त्यांत, राहणाऱ्या मजुराला यासाठी एसटी-रेल्वेचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी लागेल. ती तरतूद संशोधनाच्या खर्चातच धरली जावी.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे