जलपूजन थांबवल्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

पुरंदर तालुक्यातील आमच्या गावची जुनी विहीर गेल्या आठवड्यापासून पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरात आली, हे आपल्याला फोनवर कळवलेच आहे. तरीही गावाच्या वतीने हे जाहीर पत्र लिहीत आहे, कारण अक्षय्य तृतीयेचे जलपूजन आपण थांबवलेत तेव्हा झालेली कुरकुरही जाहीरच होती आणि तिच्यात माझाही आवाज होता.

नळयोजना आल्यापासून या विहिरीकडे कोणी फिरकत नव्हते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले तेव्हा जुन्या माणसांना ती आठवली. यारी लावून पंधरा दिवस गाळ उपसला, निर्माल्य, फुटके माठ, चपला असे काय काय वर आले, आणि तळाच्या फुटक्या काळ्या पाषाणातून झरे मोकळे झाल्यावर पाणी इतके नितळ दिसू लागले की मंडप आणि पेढे ठरवूनच आम्ही आपल्याला बोलावले. खरे तर बोलावले होते ते सत्काराला!

आपण नारळ बाजूला ठेवून जिवाणू तपासणीची छोटी बाटली भरलीत आणि ती आमच्याच घरी देवळीत ठेवायला सांगितलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई दिवा लावायला गेल्या, तर बाटलीतले पाणी शाईसारखे काळे झाले होते, म्हणजे पाणी दूषित होते. पुढे गावात कोणाला काही समजावण्याची गरज उरली नाही. ती बाटलीच घरोघर फिरली.

टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकले की काम झाले, असे आम्हाला वाटत होते. पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि त्यात नायट्रेट पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघाले. क्लोरीनने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, आणि पाणी उकळले तर आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते, हे आपण आम्हा बायकांना ओट्यावर बसून सांगितलेत. आपल्याकडच्या मुरूम आणि भेगाळ खडकातून पाणी गाळून येत नाही, ते सरळ वाट काढत येते, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला उकिरडा म्हणजे विहिरीतच असलेला उकिरडा, हे आपले वाक्य अजून गावात बोलले जाते.

नायट्रेट मुरत होते ते या उकिरड्यातूनच, आणि तो हलवणे हेच सर्वांत अवघड काम होते, कारण तो एका भावकीचा होता आणि गावकीने सांगितले असते तर वर्षभर भांडण पुरले असते. आपण त्यांच्या गोठ्यात जाऊन, शेण टाकायला बैलगाडीच्या वाटेवरची सोयीची जागा कोणती, एवढेच विचारलेत. उताराच्या खालच्या बाजूला त्यांनीच खड्डा खणला. कठडा, भोवतीची उतरती फरशी, शोषखड्डा आणि वरची जाळी ही कामे त्यामानाने लवकर झाली.

पंपघराच्या भिंतीवर आपण खडूने मांडलेले गणित आम्ही आता रंगाने लिहून घेतले आहे: व्यास 5 मीटर, पाणी 4 मीटर, म्हणजे सुमारे 78,500 लिटर, आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल साधारण 200 ग्रॅम. पाण्याची उंची बदलली की आमची जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणारी मुलगी ते नव्याने करते. बादलीत कालवून चुना खाली बसू देते, वरचे निवळ पाणी रात्री विहिरीत सोडते आणि सकाळी ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीचा, पिवळा रंग पाहिल्याखेरीज मोटर सुरू करू देत नाही. सरपंचांनाही नाही.

स्वारगेटहून एसटीने आपण किती खेपा केल्यात याचा हिशेब आपण ठेवू दिला नाहीत आणि भाडेही घेतले नाहीत. अंजिरांची एक पिशवी तेवढी कशीबशी आपल्या हाती देता आली. नायट्रेट आता मर्यादेच्या आत आले आहे, पण जमिनीत मुरलेले पावसाबरोबर पुन्हा उतरू शकते, हा आपला इशारा लक्षात ठेवून दिवाळीपूर्वी दुसरा नमुना घ्यायचे ग्रामसभेत ठरले आहे. तो घ्यायला आपणच यावे, ही विनंती. तेव्हा सीताफळे असतील.

आपली नम्र,
महिला बचत गटाची एक सदस्य, ग्रामस्थांच्या वतीने