शिवाजी पार्कच्या घराविषयी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर "आई, तुला प्रत्येक घरात भेगाच दिसतात," असे म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. बोलताना माझा आवाज चढतो. लिहिताना तरी तो बेताचा राहील.

घर मला मनापासून आवडले. झोपायची खोली एकच असली तरी दोघांना ती पुरे आहे. उंच छत, सागवानी दारे, मोझाइकच्या लाद्या, आणि गॅलरीत उभे राहिले की समोर सगळे मैदान. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुले झाले, १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, आणि भोवतालची बरीचशी घरे त्यानंतरच्या वर्षांत, महायुद्धापूर्वी उभी राहिली. माईंकडे सुट्टीला आलो की पप्पा तुला घेऊन आचरेकर सरांच्या नेटबाहेर उभे राहायचे, आणि तू खेळ सोडून कट्ट्यावरच्या आजोबांशी गप्पा मारत बसायचास. त्याच मैदानासमोर तू स्वतःच्या कमाईतून भाडे भरून राहणार, हे पाहायला ते हवे होते.

पण ती गॅलरी. जिन्याच्या खिडकीतून मी तिची खालची बाजू पाहिली. नव्या रंगाखाली सळईच्या रेषेत सरळ चीर गेली आहे. प्लास्टरची चीर वेडीवाकडी जाते. अशी सरळ चीर बहुधा गंजाची असते. समुद्र जवळ आहे; खारी हवा आणि पाणी काँक्रीटमध्ये मुरते, लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडतो. त्यातून गॅलरी एकाच बाजूने धरलेली, त्यामुळे तिचा सगळा भार पेलणारी सळई वरच्या अंगाला, लादीखाली असते. खाली ही अवस्था असेल, तर जी दिसत नाही तिची काय असेल? आणि सूनबाई तिथे कुंड्या आणि झोपाळा ठेवणार आहे.

म्हाडाच्या यादीत इमारतीचे नाव नाही, असे तू म्हणालास. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती 'अ' वर्गात येतात, आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, हे खरे. पण यादीत नाव नाही म्हणजे गॅलरी भक्कम आहे, असा अर्थ होत नाही. माणसाने कागदावर विसंबून राहू नये. तुझ्या वयात मुलांना वाटते की सही-शिक्का झाला म्हणजे... असो. पुन्हा शिकवणी सुरू झाली, रागावू नकोस.

ऑफिसात जुन्या इमारतींची आरेखने काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. साहेब हातोडीने स्लॅब ठोकत, कुठे टणक वाजे, कुठे बद्द, आणि मी नकाशावर बद्द जागा लाल पेन्सिलने रंगवत असे. गिरगावातल्या एका घरी गॅलरीत पापडांचे वाळवण घातलेले होते. ती बाई पापड उलटून आत आली, आणि तिच्यामागे गॅलरीचा अर्धा भाग खाली गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या हातात पापडाचे पीठ तसेच होते आणि ती मला, ओळखपाळख नसताना, "बाई, आत्ताच तर मी तिथे होते," एवढेच सांगत होती. म्हणून मी गॅलरीवर अडून बसते, घरावर नाही.

घर सोड असे मी म्हणत नाही. घरमालकांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग, आणि गॅलरीची दुरुस्ती पावसाआधी कोण करणार, हे करारात लिहून घे. ते चिडले तर माझे नाव सांग. शनिवारी सकाळी साहेबांच्या हाताखाली तयार झालेल्या इंजिनीअरला घेऊन मी तिकडे येते. एक लादी उचलून सळई बघितली की कळेल. त्याची फी मी देणार आहे, त्यावर वाद नको. तोवर झोपाळ्याचे हुक ठोकू नका आणि कुंड्या हॉलमध्येच राहू द्या.

तुझी,
आई